न पाहणाऱ्याची वर्गणी

अलीकडे आमच्या सुशिक्षित वर्गात एक नवा न्याय रूढ झाला आहे. 'जो पाहील त्याने पैसे द्यावेत; जो पाहणार नाही त्याने का द्यावेत?' हा तो न्याय होय. वरवर पाहता तो इतका निर्दोष दिसतो की, त्याविरुद्ध तोंड उघडणारा मनुष्य एक तर लबाड असला पाहिजे किंवा वेडा तरी, असे कोणासही वाटावे. या दोहोंपैकी कोणते विशेषण आम्हांस शोभते ते ठरविण्याचे काम वाचकांवर सोपवून आम्ही या न्यायाची थोडी झडती घेण्याचे योजिले आहे. तो दिवाणखान्यातील टीव्हीपुरता राहिला असता तर आम्ही लेखणी उचललीच नसती. परंतु तो आता महाविद्यालयाच्या मैदानाच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला आहे.

प्रथम टीव्हीचाच विचार करू. १९९१ नंतरच्या काळात आमच्या कसबा पेठेत वाड्यावाड्यांच्या कौलांवरून, गच्च्यांवरून आणि प्रसंगी एखाद्या पिंपळाच्या फांदीवरून काळ्या तारांचे जे जाळे पसरले, त्याचे अवशेष आजही व्यवहार आळीतून तांबट आळीकडे जाताना डोक्यावर लोंबताना दिसतात. त्या तारेतून पुष्कळसे निरर्थक व थोडेसे अर्थपूर्ण असे सारे काही एकाच रकमेत घरात येई. आजीबाईंस कीर्तन, सूनबाईंस मालिका, मुलांस क्रिकेट आणि घरच्या कर्त्यास बातम्या. क्रिकेट न पाहणारी आजीबाई क्रिकेटचे पैसे देत असे आणि कीर्तनाकडे पाठ फिरविणारा नातू तिच्या कीर्तनाचे. कोणी कोणाचे किती देणे लागतो याचा हिशेब घरात कधी झाला नाही. पुढे २०१९ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नवी पद्धती अमलात आणली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये व त्यावर कर, आणि सशुल्क वाहिनी ज्याची त्याने निवडावी, असा तो दंडक होता. त्यानंतर मोबाइलवरील अ‍ॅपे आली. मग तर घरातील निवडही उरली नाही. प्रत्येक जण आपल्या खोलीत, आपल्या कानात बोंडे घालून, आपापले पाहू लागला.

केबलवाला गेला याचे आम्हांस सुतक नाही. ऐन शेवटच्या षटकात चित्र घालविण्याची त्याची हातोटी, पावतीविषयीचा त्याचा वैराग्यभाव, आणि तक्रार केली असता 'वरूनच गेलंय' हे त्याचे वेदान्ती उत्तर, ही सर्व आमच्या स्मरणात आहेत. जे गेले त्याच्या जागी आलेले उदार आहे असेही नव्हे. आयपीएलचे सामने २०२३ साली जिओसिनेमाने फुकट दाखविले तेव्हा आमच्या शेजारच्या मंडळींनी केबल तोडून टाकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार झाले आणि त्याच मंडळींस आता वर्गणी भरा असे सांगण्यात येऊ लागले. परंतु आमचा मुद्दा दराचा नाही. तो तारेबरोबर तुटलेल्या त्या सामाईक वर्गणीचा आहे.

या न्यायाचा शेवट कोठे होतो हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेकडे पाहिले पाहिजे. कारण महाविद्यालयीन खेळ व केबल यांचा संसार जितका तेथे घट्ट जमला तितका अन्यत्र कोठेही नाही. ईएसपीएन ही खेळांची वाहिनी १९७९ साली निघाली. १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांच्या प्रक्षेपणावरील मध्यवर्ती संस्थेची मक्तेदारी मोडली, आणि विद्यापीठे व त्यांची क्रीडामंडळे आपले सामने स्वतः विकू लागली. केबल घेणाऱ्या प्रत्येक घराकडून, त्या घरात कोणी फुटबॉल पाहो वा न पाहो, ईएसपीएनचे पैसे वसूल होत. २०११ च्या सुमारास अशी घरे दहा कोटी होती आणि पुढे या एका वाहिनीचा भाव दर घरामागे महिन्यास नऊ डॉलरांच्या वर गेला. एवढ्या पैशावर फुटबॉलचे विद्यापीठीय संघ पोसले गेले, आणि ज्यांस प्रेक्षक नाही असे खेळही, म्हणजे जलतरण, कुस्ती, नौकानयन, जिम्नॅस्टिक्स हे, त्या पंगतीत मागच्या पाटावर बसून जेवले.

मग लोकांनी केबल तोडण्यास आरंभ केला. २०२४ पर्यंत ती दहा कोटी घरे सात कोटींच्या खाली आली. न पाहणारे निघून गेल्यावर पाहणाऱ्यावर काय बोजा पडला तेही पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ईएसपीएनने आपल्या भगिनी वाहिन्यांसह स्वतंत्र स्ट्रीमिंग सेवा काढली. तिचा दर महिन्यास जवळजवळ तीस डॉलर! 'आपण पाहू त्याचेच पैसे देऊ' म्हणणाऱ्यास अखेर आपल्या वाटणीचे व निघून गेलेल्या शेजाऱ्याच्याही वाटणीचे द्यावे लागले.

खेळांचे हाल याहून मोठे झाले. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील विद्यापीठांचे पॅक-१२ हे क्रीडामंडळ आपले मूळ १९१५ सालापर्यंत नेत असे. २०२३ साली त्याच्यापुढे ॲपल कंपनीचा प्रस्ताव आला. त्यात बांधील रकमेपेक्षा पुढे मिळणाऱ्या वर्गणीदारांवरच भिस्त अधिक होती. तो सभासदांस भरवशाचा वाटला नाही आणि मंडळ फुटले. बारांपैकी दहा विद्यापीठे अन्य मंडळांत गेली. परिणामी लॉस एंजेलिसच्या मुलींचा व्हॉलीबॉल संघ आता न्यू जर्सीतील विद्यापीठाच्याच मंडळात खेळतो. दोन्ही शहरांत सुमारे ३,९०० किलोमीटरांचे अंतर आहे. त्या मुलींचा सामना किती लोक पाहतात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. फुटबॉल किती लोक पाहतात एवढेच विचारले गेले, आणि मुलींची फरफट झाली. त्यातच खेळाडूंस विद्यापीठांना थेट पैसे देता यावेत अशी न्यायालयीन तडजोड येऊ घातली. ती जून २०२५ मध्ये मंजूर झाली. तत्पूर्वीच, मार्च २०२५ मध्ये, कॅलिफोर्नियातील कॅल पॉली विद्यापीठाने या येऊ घातलेल्या खर्चाकडे बोट दाखवून आपले जलतरणाचे संघ बंद केले. मागच्या पाटावरील पाहुण्यास प्रथम उठविले जाते हे आमच्याकडील लग्नकार्यांत वावरलेल्या कोणासही नवीन नाही.

येथे कोणी म्हणेल की, ही तर केबलच्या वर्गणीचीच निंदा झाली. ती मुळात नसती तर हा डोलारा उभाच राहिला नसता. या आक्षेपात तथ्य आहे. ती वर्गणी नकळत घेतलेली होती, आणि नकळत घेतलेल्या पैशाचा हिशेब कोणी देत नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या फुटबॉल शिक्षकास मुदतीपूर्वी घरी बसविले, आणि त्याबद्दल साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणे पत्करले! शिकागोतील एखादी विधवा, जिने जन्मात फुटबॉल पाहिला नाही, तिच्या महिन्याच्या बिलातून असल्या देणग्या निघाल्या. गरीब न पाहणाऱ्याने श्रीमंत शिक्षकास पोसावे, हे आम्हांसही मान्य नाही. पण यावरून सर्वच सामाईक वर्गणी पाप ठरते काय?

आता पुण्यात येऊ. आमच्या महाविद्यालयांतील खेळ केबलने कधी दाखविले नाहीत म्हणून केबलच्या जाण्याने ते बुडाले नाहीत, अशी कोणी आपली समजूत करून घेईल. परंतु आमच्याकडेही न पाहणाऱ्याची, नव्हे, न खेळणाऱ्याची एक वर्गणी आहे, आणि तिच्यावरच हे खेळ उभे आहेत. प्रवेशाच्या पावतीवर बारीक आकड्यांच्या रांगेत 'जिमखाना' म्हणून जी एक ओळ असते तीच ही. वर्गात बसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मैदानावर पाऊल ठेवलेले नसते. तरी त्यांच्या त्या ओळीतून कबड्डीच्या सात जणांचे बूट, खो-खोच्या खांबांचा रंग, आणि परगावी सामन्यास जाणाऱ्या मुलींचे एस.टी.चे भाडे निघते. ही कल्पना आम्ही इंग्रजांपासून घेतली असेही समजण्याचे कारण नाही. पेठेतल्या तालमी याच रीतीने चालत. लाल माती, तेल, हळद यांसाठी जे घर वर्गणी देई त्या घरातला मुलगा आखाड्यात उतरेच असे नव्हे. पुण्याच्या मानाच्या तिसऱ्या गणपतीचे नाव आजही 'गुरुजी तालीम' हे आहे. कुस्ती न खेळणारा भाविक त्या गणपतीची वर्गणी देताना 'तालमीचा भाग वजा करा' असे म्हणत नाही.

या वर्गणीच्या जोरावर काय घडले त्याची गणती थोडक्यात करता येईल. खो-खोची नियमावली १९१४ साली आखली गेली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्या वेळी सामना दाखविणारी पेटी या देशात आलेलीच नव्हती. आंतरविद्यापीठीय क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ साली सुरू झाला आणि वाडेकर, गावसकर हे मुंबई विद्यापीठाकडून त्यात खेळले. हे सामने किती लोक पाहतील, याचा अंदाज घेऊन विद्यापीठांनी आपले संघ पाठविले नव्हते.

तथापि आमचे काही उत्साही मित्र असे सुचवितात की, आता स्ट्रीमिंग सोपे व स्वस्त झाले आहे. एक मोबाइल तिवईवर ठेवला की काम झाले. तेव्हा महाविद्यालयांनी आपले सामने स्वतः दाखवावेत, जाहिराती मिळवाव्यात, आणि खेळांनी आपला खर्च आपण भागवावा. दाखविण्यास आमची ना नाही. गावी राहिलेल्या एखाद्या आईस आपल्या मुलीचा खो-खो घरबसल्या दिसला तर तिच्याइतकाच आम्हांसही आनंद होईल. पण त्या दिसण्यावर खर्च भागविण्याची कल्पना ज्यांनी काढली त्यांनी आकडे पाहिलेले नाहीत. जून २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्यांत टीव्हीचे २३,५७५ कोटी आणि भारतातील डिजिटलचे २३,७५८ कोटी. ज्या खिशांतून हे कोटी निघतात त्याच खिशांकडे आमच्या कबड्डीने हात पसरावयाचा आहे! बरे, आमच्याच मातीतले खेळ पडद्यावर गेले नाहीत असेही नाही. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने ती जिंकली. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम २०२२ साली बालेवाडीच्याच क्रीडासंकुलात झाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला आणि दोहोंचे कर्णधार महाराष्ट्राचे होते. याचा अभिमान आम्हांस आहेच. परंतु पडद्याने हे खेळाडू विकत घेतले, घडविले नाहीत. ते घडले शाळांच्या व मंडळांच्या मैदानांवर, जेथे पाहणारे म्हणून फार तर दोन शिपाई आणि भिंतीवरील पोरे असतात.

खरा धोका या उत्साही मित्रांचा नाही. तो हिशेबी पालकांचा आहे. एका महाविद्यालयात (नाव आम्ही सांगत नाही) पालकांच्या सभेत अशी सूचना आली की, जिमखान्याची फी ऐच्छिक करावी. 'माझी मुलगी खेळत नाही, मग मी ही फी का भरू?' सूचना करणारे गृहस्थ सुविद्य, सौजन्यशील आणि मोठ्या पगाराचे होते. टाळ्याही पडल्या. आम्ही त्यांस विचारले की, आपली मुलगी संस्कृतही घेत नाही, तर संस्कृतच्या अध्यापकाचा पगार आपल्या फीमधून वजा करावा काय? ते हसले, त्यांस हा विनोद वाटला. आम्हांस तो वाटत नाही. ग्रंथालयातील ज्या पुस्तकास वर्षभरात एकच वाचक मिळतो ते पुस्तक बाकीच्या न वाचणाऱ्यांच्या पैशावरच कपाटात उभे असते, आणि तो एक वाचक कोण निघेल हे विकत घेतेवेळी कोणासही ठाऊक नसते.

शिवाय, ऐच्छिक केल्याने कोण खेळेल याचाही विचार व्हावयास हवा. ज्यांच्या घरी टेनिसच्या शिकवणीस पैसे आहेत त्यांची मुले कोणत्या तरी क्लबात खेळतीलच. त्यांस महाविद्यालयाची गरज नाही. कबड्डी, खो-खो व कुस्ती खेळणारी मुले बहुधा खेड्यांतून आलेली, वसतिगृहात किंवा कॉट बेसिसवर राहणारी, सकाळी मैदान व दुपारी नोकरी असा दिवस काढणारी असतात. अमेरिकेत न पाहणाऱ्या गरिबाने धनाढ्यास पोसले. येथे न खेळणारा सुखवस्तू मनुष्य खेळणाऱ्या गरिबास बूट देतो. दोन्ही वर्गण्यांना एकच नाव देऊन एकाच फाशी लटकविणे याला न्याय म्हणत नाहीत.

तक्रारच करावयाची तर तीस जागा भरपूर आहे. जिमखान्याच्या पैशातून कार्यालयास रंग दिला जातो, स्नेहसंमेलनाच्या मांडवाचे बिल भागते, आणि मैदान ऐन सामन्यांच्या दिवसांत प्रदर्शनास व लग्नास भाड्याने जाते. त्या भाड्याचा एक रुपयाही खेळाकडे परत येत नाही. हे आम्ही पाहिले आहे आणि त्याबद्दल सभांत बोलून अप्रियही झालो आहो. पालकांनी अर्ज करावा तो याविरुद्ध. दर वर्षी जून महिन्यात, प्रवेशापूर्वी, जिमखान्याचा जमाखर्च सूचनाफलकावर लागावा. किती रुपये आले, किती संघ गेले, किती मुली खेळल्या, आणि मैदान किती दिवस खेळाखेरीज अन्य कामी दिले, हे त्यात असावे. असा अर्ज घेऊन जे पालक येतील त्यांच्याबरोबर प्राचार्यांच्या खोलीपर्यंत चालत जाण्यास आम्ही तयार आहो. फी ऐच्छिक करा असे म्हणणाऱ्यांनी मात्र आमची सही मागू नये.