आसऱ्याला आलेली माणसं

मिरजेहून कोल्हापूरच्या गाडीत बसलात, तर वाटेत वळिवडे लागते. 1943 ते 1948 या काळात इथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका आणि मुलंच जास्त. आधी सायबेरियात हद्दपारी, मग इराण आणि तिथून हिंदुस्थान, असा त्यांचा प्रवास. बराकींच्या त्या वसाहतीत शाळा भरल्या, चर्च उभे राहिले. ज्यांची फुप्फुसे उपासमारीने आणि थंडीने खचली होती, त्यांच्यासाठी साताऱ्याच्या पाचगणीत आरोग्यकेंद्र होते.

आठवा, तेव्हा सातारा-सांगलीच्या गावागावांत क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या या मुलखाच्या उशाशीच परक्या देशातली लेकरं निर्धास्त झोपत होती.

मदत म्हणजे नुसते धान्याचे पोते नव्हे. मुलाच्या हाती पाटी द्यावी, आजाऱ्याला मोकळी हवा मिळावी, आईला स्वतःची चूल मांडता यावी. माणूस पुन्हा उभा राहतो तो अशाने. कोल्हापुरात आजही पोलिश नावांच्या कबरी आहेत आणि वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे. 2022 मध्ये युक्रेनमधून निघालेल्या आपल्या मुलांना पोलंडने सीमा उघडून दिली.

आज गाझा, सुदान होरपळत आहेत. ते दूर आहेत, असे निदान आपण तरी म्हणू नये. हा अंक त्या जाणिवेने तुमच्या हाती देत आहोत.