चिजेत दडलेले नाव

'आमच्या शाळेचे दार सदा रंगवलेले असते.' या वाक्यात एका थोर रचनाकाराचे नाव दडले आहे. सापडले? 'सदारंग'! अठराव्या शतकात दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारातील नियामतखानाने या नावाने ख्याल रचले.

अंबाडीच्या मुलांना मी अशी कोडी घालतो, तेव्हा काही पालक त्यास रिकामपणाचा उद्योग म्हणतात. मला ते मान्य नाही. अभंगातील 'तुका म्हणे' उघड ऐकू येते. चिजेतील नाव, म्हणजे 'मुद्रा', मात्र अर्थात मिसळून जाते. पंडित भातखंडे यांची मुद्रा 'चतुर'. ऐकणाऱ्यास वाटावे, कोणी हुशार मनुष्य गीतात आला आहे! जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास', तर फैयाजखाँ 'प्रेमपिया'.

पूर्वी चिजा बहुधा तोंडी शिकवीत. कागद नसे, सही नसे. कर्त्याची खूण म्हणून एवढा एक शब्द. गवयाने तोच गिळला, तर कर्ता कोण हे पुढच्या शिष्यास कसे कळावे? म्हणून माझ्या मते चीज पाठ करण्यापूर्वी तिच्यातील नाव हुडकावे. कान मात्र आधी तयार हवा. तेव्हा सांगा पाहू, 'ताईचे प्रेम पियानोवर अधिक, सतारीवर कमी,' यात कोण लपले आहे?