साबणाची वडी आणि तपासणीचा शेरा

दादरा व नगर हवेलीतील खानवेल हे साकरतोड नदीच्या काठचे, सिल्वासापासून सुमारे 20 किलोमीटरवरचे गाव. पावसाळ्यात येथील हिरवाई पाहण्यासाठी मुंबई-सुरतेकडून प्रवासी येतात. त्याच पावसाळ्यात आसपासच्या पाड्यांवरची वारली, कोकणा मुले चिखल तुडवीत अंगणवाडीत येतात, हे मात्र प्रवाशांच्या नजरेस क्वचितच पडते. तीन ते सहा वर्षांची ही मुले तेथे बसतात, खेळतात, शिजवलेले अन्न खातात आणि घरी परततात. त्या खोलीची जमीन, तेथील पाणी आणि वाढणारीचे हात स्वच्छ असणे हा त्यांच्यापुरता शिष्टाचाराचा प्रश्न नसून प्रकृतीचा प्रश्न आहे. म्हणूनच अंगणवाडीची तपासणी हा विषय सरकारी दप्तरात सोडून देण्याजोगा नाही, असे आम्हांस वाटते.

तपासणीची रीत खानवेलपासून थेट तळकोकणापर्यंत सर्वांच्या परिचयाची आहे. साहेब अमुक दिवशी येणार, असा निरोप आधी पोचतो. मग सतरंज्या उन्हात पडतात, तक्ते भिंतीवर चढतात, कपाटात जपून ठेवलेली साबणाची वडी बाहेर निघते आणि मुलांना चांगले कपडे घालून पाठवा, असा सांगावा घरोघर जातो. साहेब येतात, नोंदवह्या चाळतात, समाधानाचा शेरा मारतात आणि जीप निघून जाते. साबणाची वडी पुन्हा कपाटात! सगळीकडेच असे घडते असे आम्ही म्हणत नाही; पण पुष्कळ ठिकाणी घडते. यात सेविकेला दोष देणे सोपे आहे. आम्हांस तो न्याय्य वाटत नाही. जी तपासणी वही पाहते, तिच्यासाठी वहीच तयार होणार.

वस्तुतः काय पाहावे हे ठरविण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला झाकण आहे काय, आणि पाणी काढण्यास लांब दांड्याचे ओगराळे आहे की पेला हातासकट आत बुडतो? जेवणापूर्वी मुले साबणाने हात धुतात, की एकाच घमेल्यातील पाण्यात सर्वांचे हात बुडवून विधी उरकला जातो? दुसरा प्रकार न धुण्याहून वाईट, कारण एकाच्या हातावरचे जंतू तेथे सर्वांना वाटले जातात. तांदूळ-डाळीचे डबे घट्ट झाकणाचे आहेत काय? खेळणी कधी धुतली जातात? सकाळी शिजवलेले अन्न किती वेळ उघडे राहते? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नोंदवहीत सापडत नाही. ते पिंपाजवळ आणि चुलीजवळच सापडते.

डब्यांची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी 16 जुलै 2013 रोजी शाळेतले दुपारचे जेवण जेवून 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने अन्न चाखून पाहावे, हा नियम अशा वेळी केवळ औपचारिक राहत नाही.

आणि हात धुण्याचे म्हणाल, तर आपण किनारपट्टीचे लोक याबाबतीत जरा आत्मसंतुष्टच आहोत. दाराशी वहाणा काढणे, पाय धुऊन घरात शिरणे, सोवळ्याने स्वयंपाक करणे हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पण सोवळे आणि स्वच्छता यांची गल्लत आपण पिढ्यान् पिढ्या केली. सोवळ्यातला हातही साबणावाचून अस्वच्छ असू शकतो, आणि ज्यांना आपण आजवर दूर ठेवले त्यांचे शेणाने सारवलेले अंगण पुष्कळदा आपल्या माजघराहून लख्ख असते. तेव्हा आदिवासी मुलांना स्वच्छता शिकविण्याची भाषा थोडी जपूनच वापरलेली बरी.

हे सर्वांत आधी ज्यांना उमगले, त्यांची कर्मभूमी खानवेलपासून फार दूर नाही. राज्याची सीमा ओलांडून डहाणू तालुक्यात गेले की कोसबाडची टेकडी लागते. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये हे कार्य कोसबाडला गेले. ताराबाई मूळच्या माँटेसोरी पद्धतीच्या अभ्यासक. माँटेसोरीबाईंनी 1907 साली रोममध्ये जे पहिले बालगृह उघडले, त्याच्या नियमांत एक कलम असे होते की, मूल मळक्या कपड्यांत वा न धुता आले तर त्यास काढून टाकले जाईल. डागडुजी केलेल्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी तो नियम एक वेळ ठीक. बोर्डीला तो लावला असता, तर बालवाडी ओस पडली असती. ताराबाईंनी नियमच उलटा केला. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी. मूल न धुता आले, तर शिक्षिकेने त्यास न्हाऊ घालावे, केस विंचरावे, नखे कापावी, आणि मग धडा. अंगणवाडीची कल्पना येथे आकारास आली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तेच नाव देशभर पोचले.

नाव पोचले, पण त्यामागची जबाबदारीची वाटणी मात्र वाटेत कोठेतरी हरवली. मुलाच्या स्वच्छतेचा भार ताराबाईंनी संस्थेवर घेतला होता. आज तो मदतनीस बाईच्या खांद्यावर आहे. पाणी तिने आणायचे, भांडी तिने घासायची, शौचाला बसलेल्या मुलास तिनेच धुवायचे आणि लगेच तिनेच वाढायचे. केंद्र सरकारने 2018 मध्ये मानधन वाढविले तेव्हा सेविकेचे 4,500 आणि मदतनीसाचे 2,250 रुपये झाले. राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश आपली भर त्यात घालतात ती वेगळी. या स्त्रियांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगण्यास 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयास बसावे लागले. सक्षम अंगणवाडी व पोषण 2.0 या कार्यक्रमात स्वच्छतागृहासाठीची रक्कम 12,000 वरून 36,000 रुपये आणि पाण्याच्या सोयीसाठीची 10,000 वरून 17,000 रुपये करण्यात आली, हे चांगलेच झाले. पण डोंगरउतारावरच्या पाड्यात नळ बसवून भागत नाही. उन्हाळ्यात त्याला पाणी यावे लागते.

म्हणून खानवेलच्या अंगणवाड्यांपुरती तरी सिल्वासाच्या प्रशासनाने एक नवी पद्धत घालावी, असे आम्ही सुचवितो. तपासणीची तारीख कळवू नये. अधिकाऱ्याने जुलैतल्या एखाद्या चिखलाच्या दिवशी, मुलांच्या जेवणाच्या वेळी यावे. मुलांबरोबर त्याच ठिकाणी, त्याच साबणाने हात धुवावे आणि त्याच पिंपातले पाणी प्यावे. ज्यास ते पाणी पिण्याचा धीर होणार नाही, त्यास वेगळा शेरा लिहिण्याची गरज नाही. तपासणीच्या कागदाला दोन बाजू असाव्यात. एका बाजूस सेविका व मदतनीस यांनी काय केले ते लिहावे, दुसऱ्या बाजूस कार्यालयाने काय दिले ते: साबण कधी पोचला, भांडी कधी बदलली, पाण्याचा अर्ज किती महिने पडून आहे. पहिली बाजू सेविकेने वाचावी, दुसरी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, आणि ती वाचली जात असताना कार्यालयाचा जबाबदार माणूस तेथे हजर असावा.