बंद करायला गेले कार्ड, गेले ६१ हजार! चूक तात्यांची किती आणि बँकेची किती?

कळंब | प्रतिनिधी

आमच्या शिवारातल्या एका शेतकऱ्याच्या क्रेडिट कार्डावरून दुसऱ्या शनिवारी दुपारी तासाभरात ६१ हजार ३९९ रुपये गेले. नाव छापत नाही, त्यांची तशी इच्छा आहे. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, आपणही तात्याच म्हणू. वय साठीच्या पुढं, दोन एकर ऊस, बाकी सोयाबीन, दारात चार म्हशी.

अशा बातम्या आपण आठवड्याला एक तरी वाचतो. 'अज्ञात भामट्यानं गंडा घातला, पोलीस तपास करीत आहेत', आणि बातमी संपते. पण तात्यांचं प्रकरण मी महिनाभर जवळून बघितलं. बँकेच्या शाखेत दोनदा त्यांच्यासोबत गेलो. त्यातून जे कळलं ते आपल्या तालुक्यातल्या बहुतेकांना माहीत नाही, आणि शाखेतला माणूसही आपणहून सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कार्ड आलं कुठून ते बघा. ट्रॅक्टरच्या कर्जाच्या वेळी बऱ्याच कागदांवर सह्या झाल्या, त्यातच एक अर्ज क्रेडिट कार्डाचा होता. कार्ड घरी आलं, मुलानं चालू करून दिलं, एकदा पेट्रोल पंपावर वापरलं आणि मग ते कपाटात पडलं. तात्यांना ते एटीएम कार्डासारखंच वाटायचं. फरक एवढाच की एटीएम कार्डानं आपल्या खात्यातले पैसे जातात आणि क्रेडिट कार्डानं बँकेचे उसने पैसे जातात, ते नंतर आपल्याला फेडावे लागतात. त्यामुळं खात्यात शंभर रुपये असले तरी क्रेडिट कार्डावर लाखाचं नुकसान होऊ शकतं. 'माझ्या खात्यात हायेच काय' म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

त्या दिवशी तीनच्या सुमारास फोन आला. समोरचा माणूस मराठीच बोलत होता, शुद्ध आणि अदबीनं. "काका, तुमच्या कार्डाची वर्षाची फी २,९९९ रुपये आज कापली जाणार आहे. कार्ड वापरत नसाल तर बंद करून देतो." तात्यांना बंदच करायचं होतं. व्हॉट्सअॅपवर एक फाईल आली, बँकेचं चिन्ह लावलेली. ती उघडा म्हणाला, उघडली. फोननं दोन-तीनदा परवानगी मागितली, तात्यांनी 'अलाऊ' दाबलं. मग एक फॉर्म आला. कार्ड नंबर, मुदत कधी संपते, मागचा तीन आकडी सीव्हीव्ही. भरला.

तात्या छातीवर हात ठेवून सांगतात, "मी ओटीपी कुणाला सांगितला नाही." आणि ते खरं आहे. सांगायची गरजच पडली नाही. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या या फायलींच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. ते एक ॲपच असतं, फक्त प्ले स्टोअरच्या बाहेरचं. 'अलाऊ' दाबताना आपण त्याला एसएमएस वाचायची परवानगी देतो. मग ओटीपी आपल्या फोनवर येतो आणि त्याच क्षणी भामट्याकडंही जातो. गेली कित्येक वर्षं आपण 'ओटीपी सांगू नका' एवढंच पाठ केलं. चोर तोपर्यंत पुढच्या इयत्तेत गेले.

हीच युक्ती पीएम किसानच्या नावानं, आरटीओच्या चलनाच्या नावानं, लग्नपत्रिकेच्या नावानंही चालते. आमच्या गावच्या ग्रुपवर पीएम किसानवाली फाईल एका ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली होती. हप्ता अडकला होता माझा, त्यामुळं मीही बोट नेलं होतं. तेवढ्यात बैलानं दावं तोडलं आणि मी उठलो, नाहीतर ही बातमी माझीच झाली असती. त्या ओळखीच्या माणसाचा फोनच आधी पकडला गेला होता आणि त्याच्या नकळत सगळ्यांना फाईल जात होती. म्हणजे 'ओळखीच्यानं पाठवली' ही खात्री आता धरता येत नाही.

पुन्हा तात्यांकडं येऊ. दुपारी ३:३४ ला २४,९९९ रुपये गेले. ३:३७ ला १७,५०० गेले. पावणेचारच्या पुढं तात्यांनी मेसेज बघितले, शेजारच्या पोराकडून वाचून घेतले, आणि कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरवर फोन लावला. 'एक दाबा, दोन दाबा' करत ४:१२ ला माणूस भेटला. त्यानं तक्रार घेतली, तक्रार क्रमांकाचा मेसेज आला. आणि ४:३१ ला आणखी १८,९०० रुपये गेले. तक्रारीनंतर १९ मिनिटांनी.

सोमवारी शाखेत गेल्यावर पहिलं वाक्य काय ऐकायला मिळालं असेल? "तुम्हीच माहिती दिली, आता आम्ही काय करणार." तात्या मान खाली घालून परत आले. माझा या सगळ्यात सर्वात मोठा आक्षेप या वाक्यावर आहे. कारण ते अर्धंच खरं आहे.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला यावर परिपत्रक काढलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसंच काढलं. त्यात ग्राहकाची जबाबदारी किती, हे वाटून दिलंय. चूक किंवा हलगर्जी बँकेची असेल, तर ग्राहकाला एक रुपयाही सोसावा लागत नाही. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुठल्या यंत्रणेत घोळ झाला, आणि तुम्ही बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही तुम्हाला काही सोसावं लागत नाही. हे दिवस तुमच्या शाखेच्या कामाच्या दिवसांप्रमाणं मोजायचे आणि मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर तुमच्यावर ठरावीक रक्कमच येते: झिरो बॅलन्सच्या साध्या खात्याला जास्तीत जास्त ५ हजार, नेहमीच्या बचत खात्याला आणि ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १० हजार. सात दिवसांच्या पुढं गेलं की बँकेच्या धोरणावर.

आणि माहिती ग्राहकानंच दिली असेल तर? तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

हे शेवटचं वाक्य तात्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. ४:१२ ची तक्रार मोबाईलमध्ये होती, कॉलची नोंद होती, ४:३१ चा मेसेज होता. पुतण्यानं तिन्हीचे स्क्रीनशॉट काढले, पानभर अर्ज लिहिला, शाखेतून पोच घेतली. १८,९०० रुपये कार्डावर परत जमा झाले. 'आम्ही काय करणार' म्हणणाऱ्याच शाखेतून.

उरलेले ४२,४९९ मात्र अवघड आहेत, तात्यांना खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. फॉर्म त्यांनी स्वतः भरलाय. पण ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझं नियमानं बँकेवर टाकलंय, तोंडी 'तुमचीच चूक' म्हणून भागत नाही. बँकेनं लेखी द्यावं, कारण द्यावं, आणि तक्रार ९० दिवसांच्या आत निकाली काढावी. त्यात दुसरी गोम अशी की पुढच्या बिलात तीच रक्कम व्याजासह आली. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाबाबतचे २०२२ चे निर्देश सांगतात की ग्राहकानं जो व्यवहार फसवणुकीचा म्हणून नाकारलाय त्यावर वाद मिटेपर्यंत आकार लावायचा नाही. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागला. बिल नुसतं पाडून ठेवलं असतं तर थकबाकीदार म्हणून सिबिलला नोंद, आणि मग पुढच्या पीककर्जाला अडचण. आपल्याकडं खरा फटका तिथं बसतो.

तात्यांची जी चूक मला सगळ्यात महाग वाटते ती फाईल उघडण्याची नाही. १९३० ला फोन केला नाही, ही आहे. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. बँकेच्या तक्रारीनं कार्ड बंद होतं. १९३० वर नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले तिथं ते थांबवायची धावपळ सुरू होते. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात असे पळवले जातात, म्हणून पहिले एक-दोन तास मोलाचे. तात्यांना हा नंबर सोमवारी कळला. तोवर दोन दिवस गेले होते. फोन करताना कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवायचा. फोन लागला नाही तर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार टाकता येते. पोलीस ठाण्यात 'आमच्या हद्दीत येत नाही' असं म्हणाले तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो, हे नम्रपणे सांगायचं. बँकेनं तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. १४४४८ वर मराठीतही माहिती मिळते, आणि फी काहीच नाही.

या चोरीच्या पैशांची खाती कुणाची असतात, हेही एकदा बोललं पाहिजे. बरीचशी आपल्यासारख्याच गावांतल्या पोरांची. पाच-दहा हजार रुपये घेऊन खातं, एटीएम आणि सिम 'भाड्यानं' द्यायचं. पोराला वाटतं फुकटचे पैसे. पुढं परराज्यातले पोलीस दारात येतात तेव्हा कागदावर आरोपी म्हणून नाव याचंच असतं.

कुणी म्हणेल, तात्यांनी कार्डच घ्यायला नको होतं. मला ते पटत नाही. कार्ड बंद करायचा साधा रस्ता त्यांना माहीत असता तर फोनवाल्याचं फावलंच नसतं. नियम असा की बाकी काही देणं नसेल तर बंद करायचा अर्ज दिल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं. उशीर झाला तर बँकेनं दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. त्याला कुठली फाईल लागत नाही, ॲप लागत नाही. न मागता कार्ड माथी मारायलाही बंदी आहे.

कार्ड ठेवायचं असेल तर एक काम आजच करता येतं. बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत सांगून ऑनलाईन, परदेशी आणि टॅप करून पैसे जाणारे व्यवहार बंद ठेवता येतात, मर्यादाही कमी करता येते. ही सोय २०२० पासून सगळ्या बँकांना सक्तीची आहे. परदेशी व्यवहार तर बंदच ठेवा, कारण परदेशातल्या बऱ्याच वेबसाइटवर नुसत्या कार्डाच्या आकड्यांवर पैसे जातात, ओटीपी मागतच नाहीत. तात्यांच्या कार्डावर तिन्ही गोष्टी चालू होत्या. मुलानं चालू करताना सगळीच बटणं दाबली होती.

बाकी आपल्या सवयी आपल्यालाच माहीत आहेत. पिन कार्डाच्या पाकिटावर लिहिलेला. कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो सेवा केंद्रवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर. बँकेत नोंदवलेला नंबर पुण्यातल्या पोराचा, किंवा तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा. मेसेजच आला नाही तर तीन दिवस कुठून मोजणार? खताच्या दुकानात मशीन असेल तर पिन स्वतः दाबा, 'दाब रे तूच' म्हणू नका. आणि चुकून तसली फाईल उघडलीच, तर आधी फोन फ्लाईट मोडवर टाका आणि दुसऱ्याच्या मोबाईलवरून बँकेला व १९३० ला कळवा. लाज वाटून घेत बसू नका. तात्यांनी दोन दिवस घरातही सांगितलं नव्हतं. काकूंना बिल आल्यावर कळलं.

मात्र सगळा दोष ग्राहकावर ढकलू नये यासाठी एक जुनी गोष्ट. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. त्यात कुठल्याही खातेदारानं फाईल उघडली नव्हती की आकडे सांगितले नव्हते, हल्ला बँकेच्या यंत्रणेवर झाला होता. पुढं २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टात ११ जणांना शिक्षा झाली.

तात्यांचं कार्ड अजून बंद झालेलं नाही. वाद मिटल्याशिवाय बंद होत नाही, असं शाखेत सांगितलंय. लेखी मागितलंय. ९० दिवसांतले ३८ झालेत. सोमवारी दूध घालून आम्ही पुन्हा जाणार आहोत, अर्जाची पोच सोबत घेऊन.