लिलावाचा बाजार आणि खेळाडूचे श्रम

फेब्रुवारी २०१४ मध्ये बेंगळुरू येथे झालेल्या आयपीएल लिलावात रॉयल चॅलेंजर्स संघाने युवराजसिंगसाठी १४ कोटी रुपये मोजले. संघाच्या मालक कंपनीचे अध्यक्ष होते विजय मल्ल्या. त्यांचीच किंगफिशर एअरलाइन्स ऑक्टोबर २०१२ पासून बंद पडलेली होती आणि तिच्या कर्मचाऱ्यांचे अनेक महिन्यांचे पगार थकलेले होते. बोलीसाठी पैसा होता; केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी नव्हता.

भांडवली वृत्तपत्रे सांगतात, ज्याची जशी गुणवत्ता तसा त्याचा भाव. वस्तुस्थिती वेगळी आहे. लिलावात फलंदाज, यष्टिरक्षक, वेगवान व फिरकी गोलंदाज अशा गटांनी नावे पुकारली जातात. मालकांची थैली भरलेली असताना ज्याचा गट येतो त्याचा भाव चढतो. ती रिकामी होत आल्यावर तितकाच कसबी खेळाडू किमान बोलीवर जातो. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले. नवोदिताची किमान बोली ३० लाख होती. हे नव्वदपट अंतर गुणवत्तेचे की बाजाराचे?

शिवाय मुक्त बाजाराचे हे पुजारी वेतनखर्चावर मात्र मर्यादा घालतात! २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ मध्ये खेळाडूंवरील खर्चाची मर्यादा सामन्यांचे मानधन धरून प्रत्येक संघास १४६ कोटी होती. दहा संघांचे १,४६० कोटी. एकट्या प्रक्षेपण हक्कांच्या शेकडा पंधरा.

महिलांची स्थिती याहून बोलकी आहे. सांगलीच्या स्मृती मानधनाच्या नेतृत्वाखाली बेंगळुरूच्या महिला संघाने मार्च २०२४ मध्ये विजेतेपद मिळविले. पुरुष संघाला ते जून २०२५ मध्ये लाभले. तथापि २०२५ च्या हंगामासाठी पुरुष संघाची थैली १२० कोटींची, महिला संघाची १५ कोटींची. उत्पन्न कमी म्हणून वेतन कमी, असे सांगितले जाते. परंतु महिलांची स्पर्धा मंडळाने सुरू केली ती २०२३ मध्ये, पुरुषांच्या स्पर्धेनंतर पंधरा वर्षांनी. आधी दार बंद ठेवायचे आणि मग उशिरा आल्याबद्दल पगार कापायचा, हा न्याय गिरणीमालकांनाही शोभला असता.

डिसेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूच्याच लिलावात धारावीच्या सिमरन शेखला १ कोटी ९० लाख मिळाले. तिचे यश अस्सल आहे. मात्र त्या यशाच्या आडून धारावीतील हजारो मुलींना मैदान नाही, ही गोष्ट झाकता येणार नाही.

फ्रान्समधील व्यावसायिक रग्बीतही स्थानानुसार वेतन बदलते. पण तेथे खेळाडूंची संघटना आहे आणि सामूहिक करारामुळे वेतनाला तळ आहे. भारतात २०१९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्तांसाठीच आहे. खेळणारा खेळाडू मालकासमोर एकटा उभा असतो. लढा कोणा खेळाडूच्या कोटींविरुद्ध नाही. किमान वेतन, दुखापतीत संरक्षण आणि संघटनेचा हक्क या मागण्या गिरणीत जितक्या न्याय्य, तितक्याच मैदानावरही न्याय्य आहेत.