नोकरीची जाहिरात, खात्यात आलेले पैसे आणि गोठलेले खाते

‘घरबसल्या काम, रोज 2 ते 5 हजार, अनुभवाची गरज नाही.’ अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीच्या लोकलमध्ये दाराशेजारी चिकटवलेली ही जाहिरात आता व्हॉट्सॲपवर येते. फरक एवढाच की स्टिकर लावणारा निदान याच शहरात कुठेतरी असायचा. मेसेज पाठवणारा कुठल्या देशात बसलाय याचा पत्ता नसतो.

अमेरिकेत या फसवणुकीचं जुनं रूप चेकचं आहे. शिकायला गेलेल्या मुलाला ईमेल येतो, ‘प्राध्यापकांना सहायक हवा, आठवड्याला थोडेच तास.’ पहिल्याच आठवड्यात चेक येतो, ठरलेल्या पगारापेक्षा मोठा. ‘तुझा पगार ठेव, उरलेल्या रकमेतून गिफ्ट कार्ड घेऊन नंबर पाठव.’ तिथल्या नियमाप्रमाणे बँकेला एक-दोन दिवसांत पैसे खात्यात वापरायला द्यावे लागतात, पण चेक खोटा असल्याचं कळायला कधी कधी काही आठवडे जातात. तोवर मुलाने पैसे पुढे पाठवलेले असतात आणि बँक सगळी रक्कम त्याच्याकडूनच वसूल करते. ज्यांची मुलं न्यू जर्सी किंवा टेक्ससला आहेत त्यांनी आज रात्रीच्या फोनवर हे जरूर सांगावं.

आपल्याकडे चेक वटल्याशिवाय सहसा पैसे काढता येत नाहीत. 4 ऑक्टोबर 2025 पासून तर ठरलेल्या वेळेत भरलेल्या चेकचा निकाल त्याच दिवशी संध्याकाळी 7 पर्यंत लागतो. म्हणून इथल्या ठगाला चेकचा फारसा उपयोग नाही. त्याने चेक सोडला, युक्ती तीच ठेवली: आधी पैसे आल्याचं दाखवायचं, मग त्याहून जास्त काढून घ्यायचे.

काम अगदी सोपं असतं. यूट्यूबचा व्हिडिओ लाईक करा, गूगल मॅपवर हॉटेलला पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा. दीडशे-दोनशे रुपये खरोखर येतात, आणि हीच सगळ्यात घातक गोष्ट. घरात जे ‘फसवणूक असेल हो’ म्हणत असतात तेही गप्प होतात. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात. तिथे बाकीचे ‘मेंबर’ रोज कमाईचे फोटो टाकत असतात आणि ते सगळे त्यांचेच लोक असतात. आता ‘प्रीपेड टास्क’: हजार भरा, तेराशे मिळतील. मिळतातही. पुढे दहा हजार, पन्नास हजार. ॲपवर आकडा फुगत जातो, पण काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’, ‘तुमच्याकडून चूक झाली, दंड भरा’. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा शंभराहून जास्त वेबसाईट बंद करवल्या. हे धंदे परदेशातून चालतात आणि पैसा भाड्याच्या बँक खात्यांतून फिरवला जातो, असंही तेव्हा सांगण्यात आलं.

त्या भाड्याच्या खात्यांबद्दल आपल्या वस्त्यांमध्ये पुरेसं बोललं जात नाही. जोगेश्वरी, मालवणी, कुर्ला, गोवंडी इथल्या बेकार पोराला कुणी ओळखीचा म्हणतो, ‘भाई, फक्त खातं उघडून दे. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम माझ्याकडे. महिन्याला काहीतरी देतो.’ किंवा जाहिरातच ‘पेमेंट एजंट’ची असते: खात्यात पैसे येतील, कमिशन कापून पुढे पाठवायचे. हे पैसे दुसऱ्या कुणीतरी वर सांगितलेल्या पद्धतीने गमावलेले असतात. त्याने तक्रार केली की साखळीतलं पहिलं खातं सापडतं ते या पोराचं. तक्रार तेलंगणात आणि खातं घाटकोपरच्या शाखेत, तरी ते गोठतं. तिकडचे पोलीस दारात येतात तेव्हा अम्मीला काय झालंय तेही कळत नाही.

‘लालच केली, भोगा’ असं म्हणणं सोपं आहे. आम्हाला ते पटत नाही. बारा तास उभं राहून पंधरा हजार मिळत असतील तर घरबसल्या कामाची आशा धरणं हा गुन्हा नाही. मात्र खातं दुसऱ्याच्या हातात देणं वेगळं. ‘मला माहीत नव्हतं’ हे कमिशन घेतल्यावर कोर्टात सिद्ध करणं फार अवघड जातं. रिझर्व्ह बँकेने अशी खाती हुडकण्यासाठी ‘म्यूलहंटर’ नावाची यंत्रणाही आणली आहे. वर बसलेले दूर राहतात, अटक नावावर खातं असलेल्याला होते.

फसलो असं कळलं की पहिला फोन 1930 वर. भावाला, मित्राला, मोहल्ल्यातल्या जाणकाराला नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि मग एटीएममधून बाहेर किंवा क्रिप्टोत जायच्या आत अडवता आले तरच परत येण्याची आशा. लाजेपोटी दोन दिवस घालवले तर काही उरत नाही, आणि मुली व गृहिणींच्या बाबतीत हे जास्त होतं. घरच्यांनी ओरडायचं ते फोन झाल्यावर ओरडावं. 1930 लागला नाही तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका आणि बँकेलाही लेखी कळवा. ओटीपी चोरून पैसे गेले असते तर वेळेत कळवल्यावर रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा आधार मिळाला असता. इथे पिन आपणच दाबलेला असतो, त्यामुळे बँक सहसा हात वर करते.

पोलीस ठाण्यात ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर मागा. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात, कलम 173 मध्ये, तो स्पष्ट लिहिलेला आहे. मुंबईत पाच विभागांची स्वतंत्र सायबर पोलीस ठाणीही आहेत. जाताना बँक स्टेटमेंट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि ज्या खात्यांत पैसे गेले त्यांची माहिती न्या. चॅट डिलीट करू नका. रागाच्या भरात ग्रुप सोडून सगळं पुसून टाकणारे खूप असतात आणि मग दाखवायला काहीच राहत नाही.

ज्यांचं स्वतःचं खातं गोठलंय त्यांनी बँकेच्या काऊंटरवर भांडू नये. कुठल्या राज्याच्या, कुठल्या ठाण्याच्या, कुठल्या तक्रार क्रमांकावरून आणि किती रकमेसाठी खातं थांबवलं, एवढं लेखी मागावं. बऱ्याचदा वादातली रक्कम काही हजार असते आणि अडकलेला असतो अख्खा पगार. त्या तपास अधिकाऱ्याला पैसे कशाचे आले याचे पुरावे पाठवून तेवढीच रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करा, अशी विनंती करता येते. ऐकलं नाही तर वकिलामार्फत कोर्टात जावं लागतं. ‘दहा हजार द्या, खातं उघडून देतो’ म्हणणाऱ्यांचीही आता जाहिरात येते, तिला उत्तर देऊ नका.