आधी मर्यादा, मग मध्यस्थ

१० मे २०२५ रोजी सायंकाळी भारत आणि पाकिस्तान यांच्यातील लष्करी कारवाई थांबल्याची वार्ता भारतीय नागरिकांच्या कानी प्रथम पडली ती दिल्लीहून नव्हे, वॉशिंग्टनहून. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी समाजमाध्यमावरून ती घोषित केली आणि तिचे श्रेयही घेऊन टाकले. परराष्ट्र सचिव विक्रम मिसरी यांचे अधिकृत निवेदन त्यानंतर आले. पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी भारताच्या महासंचालकांना दूरध्वनी केला आणि सायंकाळी ५ पासून जमीन, आकाश व समुद्र यांवरील कारवाई थांबवण्याचे उभयतांत ठरले, असे त्यात म्हटले होते. पुढे जून महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ट्रम्प यांच्याशी झालेल्या संभाषणात भारताने मध्यस्थी स्वीकारलेली नाही व स्वीकारणार नाही, हे स्पष्ट केले. ट्रम्प यांचे दावे मात्र त्यानंतरही थांबले नाहीत. पाकिस्तानने तर त्यांचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवले.

युद्ध कोणी थांबवले, या वादात मोठा काळ गेला. तो वाद राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा असल्यामुळे क्षुल्लक नाही. तथापि त्याहून मूलगामी प्रश्न निराळाच आहे. दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रांमधील संघर्ष एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढत असताना तो कोठे थांबवायचा, हे ठरवण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हाती असतो? या प्रश्नाचे उत्तर मध्यस्थाच्या दिवाणखान्यात सापडत नाही. ज्या राष्ट्राने आपली मर्यादा आधीच आखलेली असते, त्याच्याच हाती तो अधिकार राहतो. इतिहास याची साक्ष देतो.

संघर्ष भडकतो कसा, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. प्रत्येक पक्षाला आपले पाऊल हे केवळ प्रत्युत्तर वाटते आणि समोरच्याचे पाऊल हे आक्रमण. उत्तराला प्रत्युत्तर देत दोघेही अशा स्थानी पोहोचतात, जेथे जाण्याची मूळ इच्छा दोघांचीही नसते. ऑक्टोबर १९६२ मधील क्यूबाचा पेचप्रसंग हे याचे ठळक उदाहरण. सोव्हिएत रशियाने क्यूबात आणून ठेवलेल्या क्षेपणास्त्रांची छायाचित्रे अध्यक्ष केनेडी यांच्या समोर आली, तेव्हा त्यांच्या अनेक सल्लागारांचा कल थेट हवाई हल्ल्याकडे होता. केनेडींनी नौदलाच्या नाकेबंदीचा मार्ग निवडला. कारण हल्ल्यानंतर ख्रुश्चेव्ह यांच्यापुढे प्रतिहल्ला वा मानहानी एवढेच पर्याय उरले असते. नाकेबंदीने त्यांना विचार करण्यास अवधी मिळाला. तरीही २७ ऑक्टोबरला क्यूबातील सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मॉस्कोच्या अनुमतीवाचून अमेरिकेचे टेहळणी विमान पाडले आणि त्याचा वैमानिक मृत्युमुखी पडला. सर्वोच्च नेते सावध असूनही खालच्या एका आदेशाने जग विनाशाच्या कडेवर येऊ शकते, हे त्या दिवशी दिसले.

या पेचप्रसंगात मध्यस्थ होते काय? होते. संयुक्त राष्ट्रसंघाचे प्रभारी सरचिटणीस ऊ थांट यांनी दोन्ही पक्षांना आवाहन केले. त्यामुळे ख्रुश्चेव्ह यांना आपली जहाजे थोपवताना अमेरिकेपुढे नमते घेतल्यासारखे न दिसता जागतिक संस्थेचा मान राखल्यासारखे दाखवता आले. हे कार्य लहान नव्हते. परंतु प्रत्यक्ष तोडगा निघाला तो रॉबर्ट केनेडी आणि सोव्हिएत राजदूत दोब्रीनिन यांच्या समोरासमोरील भेटीत. तुर्कस्तानातील अमेरिकी क्षेपणास्त्रे हलवण्याचे त्या वेळी दिलेले आश्वासन अमेरिकेने पुढे अनेक वर्षे गुप्त ठेवले. संकट टळल्यावर दोन्ही महासत्तांनी पहिला धडा घेतला तो थेट संपर्काचा. जून १९६३ मध्ये वॉशिंग्टन व मॉस्को यांच्यात थेट संदेशवाहिनी स्थापन करण्याचा करार झाला. अमेरिका क्यूबाच्या पेचात गुंतलेली असताना, त्याच ऑक्टोबरच्या २० तारखेला चीनने भारतावर आक्रमण केले, हेही भारतीयांनी विसरू नये. महासत्ता स्वतःच्या संकटात गुंतलेली असली की इतरांचे संकट तिच्या दृष्टीने दुय्यम ठरते.

मध्यस्थांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला केवळ निरोप पोहोचवतो. दुसरा माघारीची वाट मोकळी करून देतो. तिसरा मात्र न्यायासनावर बसून निवाडा करू पाहतो. भारताने या तिसऱ्या प्रकाराचा कडू अनुभव फार लवकर घेतला. १ जानेवारी १९४८ रोजी आपण पाकिस्तानच्या आक्रमणाची तक्रार घेऊन सुरक्षा परिषदेकडे गेलो. त्याच महिन्यात परिषदेने ‘जम्मू-काश्मीरचा प्रश्न’ हे विषयाचे शीर्षक बदलून ‘भारत-पाकिस्तान प्रश्न’ असे केले. फिर्यादी म्हणून गेलेला देश वादातील एक पक्ष होऊन परतला. ऑगस्ट १९४८ च्या ठरावानुसार पाकिस्तानने प्रथम आपले सैन्य मागे घ्यावयाचे होते. ते कधीच घेतले गेले नाही. लोण्याचा गोळा माकडाच्या तराजूत ठेवणाऱ्या दोन मांजरांची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. येथे तर लोणी एकाचेच होते आणि तराजूत ठेवण्याची घाईही त्यानेच केली!

१९६५ चे युद्ध संपल्यावर ताश्कंद येथे सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी भारत-पाकिस्तानची बोलणी घडवून आणली. लालबहादूर शास्त्री यांच्यासमवेत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणही तेथे होते. १० जानेवारी १९६६ च्या घोषणेनुसार दोन्ही सैन्ये ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या स्थानी परतली. छांबचा प्रदेश भारताला परत मिळाला हे खरे. परंतु पराक्रमाने जिंकलेली हाजी पीर खिंड सोडावी लागली, आणि हीच खिंड घुसखोरीचा मार्ग होती. कोसिगिन यांना या सौद्यात काय हवे होते? आशियात आपल्या देशाचे वजन वाढावे आणि पाकिस्तान सर्वस्वी चीन-अमेरिकेच्या कह्यात जाऊ नये, हे हित त्यांच्या डोळ्यांपुढे होते. त्यात गैर काही नाही. प्रत्येक राष्ट्र स्वतःचे हित पाहते. गैर आहे ती मध्यस्थ निरपेक्ष असतो ही भाबडी समजूत. या अनुभवांतूनच १९७२ च्या सिमला कराराचे सूत्र आले: उभय देशांतील प्रश्न उभय देशांनीच शांततेच्या मार्गाने सोडवावयाचे.

या सूत्राची खरी कसोटी १९९९ च्या कारगिल युद्धात लागली. फेब्रुवारीत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी लाहोरला गेले आणि मे महिन्यात पाकिस्तानी सैनिक नियंत्रण रेषा ओलांडून आपल्या शिखरांवर बसल्याचे उघड झाले. त्या वेळी वाजपेयी सरकारने घेतलेला निर्णय आजही अभ्यासण्याजोगा आहे. घुसखोरांना हुसकावण्यासाठी पूर्ण बळ वापरावयाचे, वायुदलही उतरवावयाचे. परंतु नियंत्रण रेषा ओलांडावयाची नाही. वायुदलप्रमुख एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस यांच्यासह सेनादलांना ही मर्यादा स्पष्ट शब्दांत सांगण्यात आली.

ही मर्यादा स्वस्त नव्हती. शत्रूच्या पिछाडीला वळसा घालण्याचा मार्ग बंद झाल्याने जवानांना समोरच्या उभ्या कड्यांवरून, शत्रूच्या थेट माऱ्याखाली चढावे लागले. हवाई मोहिमेच्या पहिल्या तीन दिवसांत दोन लढाऊ विमाने व एक हेलिकॉप्टर गमवावे लागले. ५२७ सैनिकांनी या युद्धात प्राणार्पण केले. रेषा ओलांडली असती तर हानी कमी झाली असती, हे मत अनेक सेनानींनी नंतर मांडले आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. परंतु त्या मर्यादेने जे मिळवून दिले तेही तितकेच खरे. ११ जूनला भारताने जनरल मुशर्रफ आणि त्यांचे सहकारी लेफ्टनंट जनरल अझीज यांच्यातील दूरध्वनी संभाषणाची ध्वनिफीत प्रसिद्ध केली आणि ‘मुजाहिदांचा उठाव’ हा बनाव उघडा पडला. रेषा कोणी ओलांडली आणि कोणी ओलांडली नाही, हे आता जगाला समजावून सांगण्याची आवश्यकताच उरली नाही. तोवर अशा प्रसंगी उभय पक्षांना समान उपदेश करणारी राष्ट्रे प्रथमच निःसंदिग्धपणे भारताच्या बाजूस झुकली.

४ जुलै रोजी नवाझ शरीफ वॉशिंग्टनला धावले. अध्यक्ष क्लिंटन यांनी वाजपेयींनाही निमंत्रण दिले होते. ते त्यांनी नम्रपणे नाकारले. त्याच दिवशी भारतीय जवान टायगर हिलच्या माथ्यावर पोहोचले होते. क्लिंटन आणि शरीफ यांच्या निवेदनात सिमला करारानुसार नियंत्रण रेषेचा मान राखण्याचे मान्य करण्यात आले. शरीफ यांचे समाधान व्हावे म्हणून क्लिंटन यांनी काश्मीर प्रश्नी वैयक्तिक रस घेण्याचे शब्दही त्यात घातले. भारताने त्यांना काडीचेही महत्त्व दिले नाही. अमेरिकेच्या दडपणाचा त्या माघारीत वाटा नव्हता, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. वाटा होता, पण अमेरिकेने पाकिस्तानपुढे ठेवलेली अट भारताने आधीच आखलेल्या रेषेचीच होती. ताश्कंदमध्ये मध्यस्थाच्या मसुद्यापुढे रणांगणावरील यश गौण ठरले. कारगिलमध्ये मध्यस्थाला रणांगणावरील वास्तवाचाच मसुदा करावा लागला. मध्यस्थी नाकारणे आणि मध्यस्थाचा उपयोग करून घेणे यांत विरोध नाही. कौटिल्याच्या देशाला हे नव्याने शिकवण्याची गरज नसावी.

२०२५ मध्येही प्रारंभ याच पद्धतीने झाला. पहलगाम येथे २२ एप्रिलला २६ निरपराधांची हत्या झाल्यानंतर ७ मे रोजी भारताने दहशतवाद्यांच्या नऊ ठिकाणांवर प्रहार केला आणि आपली कारवाई मर्यादित असून पाकिस्तानी लष्करी तळांना लक्ष्य केले नसल्याचे तत्काळ घोषित केले. पाकिस्तानने पुढची पायरी चढल्यावर त्याच्या हवाई तळांवरही आघात झाले. प्रहार करणे, त्याची सीमा सांगणे आणि थांबण्यासाठी दूरध्वनीची वाट मोकळी ठेवणे हा क्रम योग्य होता. उणीव राहिली ती अखेरच्या घटकेत. थांबण्याचा निर्णय आपला असेल, तर त्याची पहिली घोषणाही आपलीच हवी. वार्ता सांगणारा प्रथम कोण, यावरून निर्णय घेणारा कोण, हे जग ठरवते.

थेट संपर्काची व्यवस्था अधिक भक्कम करणे हे दुसरे कर्तव्य. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र अपघाताने सुटून पाकिस्तानातील मियाँ चन्नू येथे पडले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. आपले अधिकृत स्पष्टीकरण दोन दिवसांनी आले. पुढे वायुदलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून दूर करण्यात आले. क्षेपणास्त्र चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा भारत-पाकिस्तान करार बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरताच आहे, ब्राह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. शत्रूशी बोलण्याची यंत्रणा ठेवणे म्हणजे शत्रूवर विश्वास टाकणे नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नियंत्रण रेषेवरील शस्त्रसंधी पाळण्याचे पुन्हा ठरले, तेव्हा पडद्यामागील निरोप्यांची चर्चा पुष्कळ झाली. घोषणा मात्र दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांच्याच संयुक्त निवेदनाने झाली. हीच योग्य रीत होय.

तिसरे कर्तव्य शासनाचे नाही, ते समाजाचे आहे. मे २०२५ च्या त्या रात्री काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या निराधार बातम्या दिल्या आणि सुशिक्षित घरांतूनही त्या भ्रमणध्वनीवरून वाऱ्यासारख्या पसरल्या. सकाळी खरे कळले, तेव्हा प्रत्यक्ष मिळालेले यशही अनेकांना अपुरे वाटू लागले. संघर्षाची पायरी रणांगणावरच चढली जाते असे नाही. ती दिवाणखान्यातूनही चढली जाते. प्रत्येक रात्री पुढच्या पायरीची मागणी करणारा समाज आपल्याच नेतृत्वाच्या हातातील लगाम काढून घेतो आणि मग थांबण्यासाठी त्याला परक्याचा हात शोधावा लागतो. शिस्त ही केवळ मैदानावरील संचलनाची गोष्ट नव्हे. कसोटीच्या रात्री खात्री नसलेली बातमी पुढे न पाठवणे, हीदेखील शिस्तच आहे.

महाभारतातील कृष्णशिष्टाई आपण शतकानुशतके ऐकत आलो. श्रीकृष्ण हस्तिनापुरास गेले ते तटस्थ म्हणून नव्हे, पांडवांचे दूत म्हणून. पांडवांची किमान मागणी ठरलेली होती, पाच गावे. तीही नाकारली गेली तेव्हा शिष्टाई विफल झाली, पण युद्धाचे उत्तरदायित्व कोणाचे, हे साऱ्या सभेसमोर निश्चित झाले. मागणी स्पष्ट, मर्यादा स्पष्ट, पाठीशी सैन्य सज्ज आणि दूत आपला! पुढचे संकट सांगून येणार नाही. ते येईल तेव्हा मध्यस्थीस उत्सुक असणाऱ्यांची उणीव भासणार नाही. त्यांचे स्वागत करावे, त्यांच्याकरवी निरोपही धाडावा. परंतु तो निरोप काय असावा आणि थांबायचे कोठे, हे दिल्लीतच ठरले पाहिजे, आणि ते संकटाच्या मध्यरात्री नव्हे, त्याआधी.